लपवायला सोपं, चालवायला अवघड

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानात एखादं गिऱ्हाईक ‘अंगावर बाळगायला पिस्तूल हवंय’ म्हणालं, की जाणता विक्रेता काचेचं कपाट उघडण्याआधी त्याच्या कपड्यांकडे बघतो. शर्ट खोचलेला आहे की बाहेर? कमरेला जाड पट्टा आहे की नाडीची विजार? दिवसभराचं काम बसून की उभ्यानं? टेक्सासातल्या ऑगस्टमध्ये अंगावर एक पातळ टी-शर्ट असतो आणि त्याखाली काडेपेटीसुद्धा उठून दिसते. मिनेसोटातल्या जानेवारीत कोटाखाली काहीही लपतं, पण कोटाची चेन उघडेपर्यंत ते हाताला येत नाही. नवखं गिऱ्हाईक मात्र आत शिरताच गोळीबद्दल विचारतं. नऊ मिलिमीटर चांगलं की .४५? हा प्रश्न खरं तर बराच नंतरचा.

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी कपड्यांआड पिस्तूल बाळगणं ही लाखो लोकांची रोजची सवय आहे आणि त्याभोवती मोठा उद्योग उभा आहे. त्या उद्योगाच्या जाहिराती बाजूला ठेवल्या, तर या निवडीत एकच पेच उरतो. जे पिस्तूल लपवायला सोपं ते चालवायला अवघड, आणि जे चालवायला सोपं ते लपत नाही. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत या पेचावर निघालेले सगळे तोडगे तडजोडीचेच आहेत.

अमेरिकन पोलीस पट्ट्याला उघड्यावर लावतो तसलं ग्लॉक १७ घ्या. लांबी सुमारे वीस सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये सतरा काडतुसं, भरल्यावर वजन जवळजवळ ९०० ग्रॅम. नवशिक्यालाही ते तासाभरात बऱ्यापैकी साधतं. मूठ लांब असल्यामुळे चारही बोटं बसतात आणि वजनामुळे धक्का जिरतो. आता तीच नऊ मिलिमीटरची गोळी निम्म्या वजनाच्या पिस्तुलातून उडवा. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगानं पुढे जाते, तेव्हा पिस्तूल मागे येणारच. वजन निम्मं असेल तर ते मागे येतं दुप्पट वेगानं, आणि हाताला सोसावी लागणारी ऊर्जाही दुप्पट होते. त्यात मूठ आखूड असल्यामुळे करंगळी हवेत लोंबकळते. पुढचं-मागचं निशाण एकमेकांजवळ आल्यानं हाताची बारीकशी थरथर नेमात मोठी चूक बनून उतरते. नळी आखूड म्हणून गोळीचा वेगही घटतो. आकार कमी केला की हे सगळे तोटे एकदमच पदरात पडतात. त्यातला एखादाच टाळण्याची सोय नाही.

चापाचं गणित तर आणखी वाईट आहे. स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्वर, मॉडेल ६४२, चारशे ग्रॅमहून थोडंच जड. त्याचा चाप ओढायला मात्र पाच किलोच्या आसपास जोर लागतो, म्हणजे हत्याराच्या वजनाच्या दहापटीहून जास्त. एवढा जोर लावताना इतकी हलकी वस्तू जागेवर स्थिर राहील कशी? ग्लॉकचा चाप अडीच किलोच्या आसपास असतो आणि भरलेलं पिस्तूल ९०० ग्रॅमचं. तिथे हे प्रमाण तिपटीच्याही आत आहे. छोटं रिव्हॉल्वर हे सरावलेल्यांचं हत्यार आहे असं अमेरिकन प्रशिक्षक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. तरी दुकानात बाईमाणूस आलं की गुलाबी मुठीचं हेच रिव्हॉल्वर तिच्यापुढे ठेवायची खोड गेलेली नाही. ‘छोट्या हाताला छोटं हत्यार’ हे ऐकायला पटतं, पण धक्का सोसायला सगळ्यात कठीण तेच असतं. नाजूक मनगटाला वजनदार पिस्तूल जास्त मानवतं. फक्त ते पर्समध्ये मावत नाही.

छोट्या ऑटोमॅटिक पिस्तुलाची स्लाइड मागे ओढणंही अनेकांना जमत नाही. स्लाइड हलकी असल्यामुळे तिला थोपवायला स्प्रिंग कडक ठेवावी लागते. संधिवाताची बोटं त्या स्प्रिंगपुढे हरतात. स्मिथ अँड वेसननं २०१८मध्ये ‘शील्ड ईझी’ हे पिस्तूल काढलं ते याच गिऱ्हाइकासाठी. त्यात .३८० ही जरा सौम्य गोळी, थोडा मोठा आकार आणि सहज सरकणारी स्लाइड होती. म्हाताऱ्यांसाठीचं पिस्तूल म्हणून काहींनी नाक मुरडलं, पण मला तो त्या काळातला सगळ्यात प्रामाणिक माल वाटतो. लपवण्याच्या हट्टातून बोटभर माघार घेऊन त्यानं चालवणाऱ्याच्या हाताचा विचार केला.

खिशात मावणाऱ्या हत्याराचा इतिहास यापेक्षा जुना आहे. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरची छोटी, एकाच गोळीची पिस्तुलं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इतकी गाजली की त्यांच्या नकलांचा बाजार सुटला. १४ एप्रिल १८६५च्या रात्री फोर्ड थिएटरात जॉन विल्क्स बूथनं अब्राहम लिंकनवर गोळी झाडली, ती याच घडणीच्या पिस्तुलातून. पुढे जॉन ब्राउनिंग या यंत्रकारानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .३२ आणि .२५ची चपटी खिसापिस्तुलं घडवली. त्यातलं कोल्टचं १९०३चं मॉडेल कोटाच्या अस्तरात अडकू नये म्हणून त्याचा हातोडा आतल्या बाजूला झाकलेला होता. लपवण्यासाठी काय गुळगुळीत करायचं आणि काय कापायचं, याचा पाठ ब्राउनिंगनं तिथेच घालून दिला.

१९५०मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे पोलीसप्रमुखांची परिषद भरली होती. तिथे स्मिथ अँड वेसननं .३८ स्पेशलचं पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्वर मांडलं आणि त्याचं नावही प्रमुखांवरूनच ‘चीफ्स स्पेशल’ ठरलं. साध्या कपड्यांतल्या पोलिसांचं ते पुढची कित्येक दशकं सोबती होतं. मॉडेल ६४२ त्याच्याच वंशातलं. सामान्य नागरिकाला मात्र त्या काळात बहुतेक राज्यांत लपवून शस्त्र बाळगायचा परवाना सहज मिळत नसे. तो देणं-न देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. १९८७मध्ये फ्लोरिडानं कायदा बदलला. अटी पूर्ण केल्या की परवाना द्यायलाच हवा, असं तिथे ठरलं आणि एकामागून एक राज्यं त्याच वाटेनं गेली.

मग आला १९९४चा केंद्रीय कायदा. दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन नागरिकांना विकायला त्यानं बंदी घातली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोठी हत्यारं होती, पण परिणाम छोट्यांवर झाला. दहाच गोळ्या ठेवायच्या तर सतरा गोळ्यांच्या आकाराचं धूड बाळगायचं कशाला, हा हिशेब कारखानदारांनी लगेच मांडला. ग्लॉकनं १९९५मध्ये आणलेल्या आखूड ग्लॉक २६मध्ये बरोबर दहा गोळ्या मावत होत्या. बंदी २००४मध्ये संपली, पण छोट्या नऊ मिलिमीटर पिस्तुलांची बाजारपेठ तोवर पक्की झाली होती. कायद्याच्या पोटी न मागितलेलं अपत्य जन्माला यावं तसा हा प्रकार.

तरी पेच होताच. चपटं पिस्तूल घेतलं तर सहा-सात गोळ्या, दहा हव्या असतील तर जाडी वाढणार. २०१८च्या जानेवारीत सिग सावर कंपनीनं पी-३६५ जाहीर केलं आणि ही अट मोडली. एक इंचाच्या आसपास जाडी, पाचशे ग्रॅमच्या आसपास वजन, आणि मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. युक्ती सगळी मॅगझिनच्या आकारात होती. काडतुसं खाली एकाआड एक अशा दोन ओळींत बसतात आणि वर येताना एका ओळीत येतात, पण ती ओळ जुळण्याची जागा इतकी हिशेबानं ठरवली की मूठ फुगत नाही. वर्ष-दोन वर्षांत बाकीच्या कंपन्यांनीही अशीच पिस्तुलं काढली. पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्वरचा चक्राकार भाग यापेक्षा जाड असतो, हे लक्षात घेतलं की या सुधारणेचं महत्त्व कळतं. धक्क्याचा प्रश्न मात्र यानं सुटला नाही. तो पदार्थविज्ञानाचा आहे.

आता गोळीकडे वळू. चित्रपटात गोळी लागलेला माणूस मागे उडून पडतो. तसं होणं शक्य नाही, कारण गोळीचा जेवढा धक्का समोरच्याला, जवळपास तेवढाच तो झाडणाऱ्याच्या हाताला बसतो. हातातल्या पिस्तुलाची गोळी माणसाला थांबवते ती त्याच्या शरीरात पुरेशी खोल, महत्त्वाच्या अवयवापर्यंत गेली तरच. अमेरिकेनं हे ११ एप्रिल १९८६ला मायामीत फार महागात शिकून घेतलं. एफबीआयचे आठ जण आणि मायकेल प्लॅट व विल्यम मॅटिक्स हे दोन बँक-लुटारू यांच्यात रस्त्यावर चकमक झाली. प्लॅटला सुरुवातीलाच नऊ मिलिमीटरची एक गोळी दंडातून छातीत लागली आणि हृदयाच्या इंचभर अलीकडे थांबली. त्यानंतरही तो रायफल चालवत राहिला. एफबीआयचे दोन जण ठार झाले, पाच जखमी झाले.

या चकमकीनंतर एफबीआयनं जखमांच्या अभ्यासकांना बसवून कसोटी ठरवली. माणसाच्या स्नायूंच्या घनतेचं जिलेटिन घ्यायचं, त्यापुढे जाड कपडे, पत्रा, प्लायवूड, गाडीची काच असं काही ना काही ठेवायचं आणि गोळी आत किमान ३० व कमाल ४५ सेंटिमीटर जाते का ते मोजायचं. कमी गेली तर उपयोग नाही, जास्त गेली तर पलीकडे उभ्या असलेल्या निरपराध्याला धोका. आधी त्यांनी १० मिलिमीटरची दणकट गोळी निवडली. ती अनेकांच्या हाताला झेपेना, म्हणून १९९०मध्ये .४० आली. तिनंही दोन दशकं राज्य केलं. पण दरम्यान नऊ मिलिमीटरच्या गोळ्याच सुधारल्या. टोकाला खळगा असलेली, आत गेल्यावर फुलणारी गोळी तीच कसोटी पार करू लागली, आणि २०१०च्या दशकाच्या मध्यात एफबीआय पुन्हा नऊ मिलिमीटरवर आली. तिचा धक्का कमी, गोळ्या जास्त मावतात, आणि कमी पगाराच्या माणसाला सराव परवडतो, कारण जगभरच्या सैन्यांमुळे हे काडतूस भरमसाट बनतं आणि स्वस्त मिळतं. गोळीच्या जाडीवरून तासन्‌तास भांडणाऱ्यांना हे शेवटचं कारण फार रुक्ष वाटतं. माझ्या मते सगळ्यांत वजनदार तेच आहे.

पिस्तूल ठरलं तरी निम्मं काम बाकी राहतं. ते म्हणजे होल्स्टर. आठशे डॉलरचं पिस्तूल घेऊन वीस डॉलरच्या लुळ्या कापडी पिशवीत खोचणारे अमेरिकेत कमी नाहीत. होल्स्टरचं पहिलं काम चाप पूर्ण झाकण्याचं, कारण आजच्या बहुतेक पिस्तुलांवर बाहेरून सरकवायचा सेफ्टीचा खटका नसतो आणि नळीत काडतूस भरूनच ती बाळगली जातात. बरेच अपघात पिस्तूल काढताना होत नाहीत, परत ठेवताना होतात. शर्टाचं टोक किंवा जाकिटाची दोरी चापाच्या कड्यात अडकते, वरून माणूस दाबतो आणि गोळी मांडीत. म्हणून कडक, आकार न सोडणारा कायडेक्स प्लास्टिकचा किंवा जाड चामड्याचा साचा लागतो, आणि त्याचं वजन पेलणारा पट्टा. पिस्तूल पँटच्या आतल्या बाजूला, उजव्या कुल्ह्यामागे ठेवलं तर गाडी चालवताना टोचतं. पुढे पोटाशी ठेवलं तर बसल्यावर नळी नको तिथे रोखलेली असते. पायाच्या घोट्याला बांधलेलं फक्त खाली बसूनच काढता येतं.

पर्स ही यातली सगळ्यात वाईट जागा. ती खांद्यावरून उतरते, खुर्चीला टांगली जाते, दुसऱ्याच्या हाती लागते. ३० डिसेंबर २०१४ला आयडाहो राज्यातल्या हेडन गावात एका दुकानात दोन वर्षांच्या मुलानं आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि त्यात आई गेली. पर्समध्ये पिस्तुलासाठी खास चेनचा कप्पाही होता.

याच ओघात घराकडे बघायला हवं, कारण पिस्तूल अंगावर असतं त्याहून जास्त वेळ ते घरात असतं. २०२१मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या निम्म्याहून अधिक, २६,३२८, आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या सुमारे २.६ कोटी प्रौढांच्या नोंदी बारा वर्षं तपासून २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीनं आत्महत्या होण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या जवळजवळ आठपट आहे. बायकांत ते पस्तीसपट आहे. चोराची भीती घालून पिस्तूल विकणाऱ्या जाहिरातीत हा आकडा येणार नाही. घरात नैराश्यातून जाणारं माणूस असेल किंवा तरुण मुलं असतील, तर बोटाच्या ठशानं किंवा आकड्यानं उघडणारी पोलादी पेटी पिस्तुलाच्या आधी घ्यावी. आणि काही घरांत पिस्तूल घेऊच नये, हेही या निवडीतलं एक उत्तर आहे.

कायद्याचा नकाशा तर तुकड्यातुकड्यांचा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००८मध्ये घरात पिस्तूल ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२२च्या ब्रुएन खटल्यात तो घराबाहेरही नेला. २०२४पर्यंत २९ राज्यांनी लपवून बाळगायला परवान्याची अटच काढून टाकली. पण एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही. पेनसिल्व्हेनियातला परवानाधारक पूल ओलांडून न्यू जर्सीत गेला की गुन्हेगार ठरू शकतो. तिकडे गेलेल्या आपल्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. ग्रीन कार्ड असलेल्याला पिस्तूल विकत घेता येतं, पण एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्यानं ते सहसा जवळ बाळगताही येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं हा त्यातला एक अपवाद. मित्राबरोबर हौसेनं रेंजवर जाणाऱ्यांनी आधी वकिलाला विचारलेलं बरं. आणि त्या रेंजवर नेलेली पाठपिशवी घेऊन सुट्टीत भारतात येऊ नये. तळाशी राहिलेलं एक जिवंत काडतूस विमानतळाच्या तपासणीत सापडलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो. ताबा जाणीवपूर्वक नव्हता म्हणून उच्च न्यायालयं असे गुन्हे पुष्कळदा रद्दही करतात, पण तोवर सुट्टी संपलेली असते आणि पासपोर्ट अडकलेला असतो.

भारतात हा सगळा ऊहापोह एका आकड्यापाशी थांबतो. १९५९चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम सैन्या-पोलिसांच्या वापरातली काडतुसं सामान्य नागरिकाला देत नाहीत, त्यामुळे नऊ मिलिमीटर बाद. साध्या परवान्यावर स्वसंरक्षणासाठी मिळतं ते मुख्यतः .३२. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात परदेशी हत्यारांची आयात बंद झाली, तेव्हापासून वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं जुनं रिव्हॉल्वर वारसाहक्काच्या मालमत्तेसारखं भाव खाऊन आहे. नवं घ्यायचं तर मुख्यतः सरकारी कारखान्यांचं. कानपूरच्या कारखान्यानं २०१४मध्ये ‘निर्भीक’ हे पाचशे ग्रॅमचं रिव्हॉल्वर खास स्त्रियांसाठी म्हणून आणलं. किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. दिल्लीतल्या बलात्काराच्या घटनेनंतरच्या संतापावर स्वार झालेली ती विक्री होती. बसनं कामावर जाणाऱ्या मुलीला ते परवडणारही नव्हतं आणि तिला परवाना मिळणंही कठीण होतं.

महाराष्ट्रात पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्त आणि बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी परवाना देतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि निवडणूक लागली की अनेकांना ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. मग निवडायचं ते .३२चं पिस्तूल की .३२चं रिव्हॉल्वर, एवढंच. महिनोन्‌महिने कपाटात पडून राहणाऱ्या हत्यारासाठी मी रिव्हॉल्वर म्हणेन. त्यात मॅगझिन नाही, स्लाइड नाही, आणि एखादं काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढला की पुढचं समोर येतं. त्याची काडतुसं आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत. एका वेळी किती घ्यायची आणि वर्षाला किती, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं, आणि ती स्वस्तही नाहीत. नागरिकांसाठीच्या रेंजही मोजक्याच. त्यामुळे घेतल्या दिवशी पाच-सहा गोळ्या उडवून पुढची दहा वर्षं रिव्हॉल्वर कुलपात ठेवणारे परवानाधारक पुष्कळ आहेत. त्यांनी निदान नकली काडतुसं भरून, भिंतीकडे तोंड करून, चाप ओढायचा सराव आठवड्यातून एकदा करावा. मात्र खरी काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत, कुलपात हवीत.